काउंटी अभिलेख : आधुनिकीकरण व सुरक्षा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काउंटी या स्थानिक शासकीय घटकाच्या कार्यालयात कायद्यानुसार नोंदविलेल्या व जतन केलेल्या सार्वजनिक कागदपत्रांना काउंटी अभिलेख म्हणतात. जमिनीची खरेदीखते, गहाणखते व त्यांची मुक्तिपत्रे, भूखंडांचे नकाशे, विवाहाचे परवाने, न्यायालयांचे हुकूमनामे, व्यापारी नावांची प्रमाणपत्रे, काउंटी मंडळाची इतिवृत्ते आणि काही राज्यांत जन्ममृत्यूच्या नोंदी यांचा त्यांत समावेश होतो. काउंट्या व त्यांच्या समकक्ष घटक यांची एकूण संख्या ३,१०० हून अधिक आहे. लुइझिॲना राज्यात या घटकाला पॅरिश, तर अलास्कात बरो म्हणतात. कनेक्टिकट, व्हरमाँट व ऱ्होड आयलंड या राज्यांत जमिनीच्या नोंदी काउंटीकडे नसून नगरांकडे असतात. अभिलेखपालाच्या पदाचे नावही सर्वत्र एक नाही. न्यूयॉर्क व टेक्सस या राज्यांत तो काउंटी क्लर्क, नॉर्थ कॅरोलायनात रजिस्टर ऑफ डीड्स, तर व्हर्जिनियात सर्किट न्यायालयाचा क्लर्क असतो. क्लर्क या शब्दाने आपल्याकडे कारकुनाचा बोध होतो. येथे मात्र तो बहुधा मतदारांनी निवडून दिलेला आणि आपल्या दप्तराबद्दल स्वतः जबाबदार असलेला अधिकारी होय.

नोंदणीचे कायदेशीर स्वरूप : जमिनीच्या व्यवहारांची नोंद शासकीय वहीत करण्याची प्रथा अमेरिकेत वसाहतकाळापासून आहे, मॅसॅचूसेट्स बे वसाहतीने १६४० मध्येच तसा कायदा केला. या पद्धतीत नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. दस्तावर सही आहे, ती साक्षांकित आहे, शुल्क भरले आहे, एवढे पाहून अधिकाऱ्याने तो दाखल करून घ्यावयाचा असतो. विकणारा खरोखर मालक आहे किंवा नाही हे ठरविणे त्याच्या कक्षेत येत नाही. भारतात १९०८ च्या नोंदणी अधिनियमाखाली दुय्यम निबंधकाकडे होणारी दस्तनोंदणी याच जातीची असल्याने मराठी वाचकाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. शासनाने मालकीचीच हमी द्यावी, हा ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये उगम पावलेल्या टॉरेन्स पद्धतीचा विचार अमेरिकेत काही ठिकाणी स्वीकारला गेला. परंतु तो तेथे फारसा रुजला नाही. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे, तेथे ही पद्धत १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९९० नंतरच्या दशकात ती गुंडाळण्यात आली.

एकच जमीन दोघांना विकली गेल्यास कोणाचा हक्क श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर नोंदणीच्या क्रमावर अवलंबून असते. नॉर्थ कॅरोलायनात जो प्रथम नोंदवील तो जिंकतो. न्यूयॉर्कमध्ये त्याने पूर्वीच्या व्यवहाराची माहिती नसताना खरेदी केलेली असणेही आवश्यक असते. त्यामुळे दस्तावर पडणाऱ्या शिक्क्यातील तास व मिनिट यांना कायद्याच्या दृष्टीने मोल आहे. मालकी सिद्ध करावयाची तर आजच्या मालकापासून मागे मागे जात प्रत्येक विक्रेता पूर्वी खरेदीदार कसा झाला, हे वह्यांतून शोधून काढावे लागते. या साखळीतील एक कडी जरी नाहीशी झाली, तरी घर विकता येत नाही किंवा त्यावर कर्ज मिळत नाही. काउंटी अभिलेखांच्या सुरक्षेचा प्रश्न म्हणूनच केवळ इतिहासप्रेमींच्या आस्थेचा विषय नाही.

साखळी शोधण्याचे साधन म्हणजे सूची. बहुतेक काउंट्यांत विकणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या नावांच्या दोन वर्णानुक्रमी सूच्या ठेवतात आणि प्रत्येक नावापुढे वहीचा व पानाचा क्रमांक देतात. काही राज्यांत भूखंडवार सूचीही असते. दस्त वहीत अक्षरशः बिनचूक उतरला, पण सूचीत आडनावाचे एक अक्षर चुकले, तर तो दस्त असून नसल्यासारखा होतो. आधुनिकीकरणाच्या चर्चेत यंत्रांवर जेवढे बोलले जाते तेवढे सूचीवर बोलले जात नाही. वास्तविक या दप्तराचा प्राण तीच आहे.

आगी, युद्धे व त्यांचे परिणाम : अमेरिकन अभिलेखांच्या इतिहासात आगीला मोठे स्थान आहे. यादवी युद्धाच्या काळात व्हर्जिनियाच्या पूर्व भागातील जेम्स सिटी, हॅनोव्हर इ. काउंट्यांनी आपली जुनी दप्तरे सुरक्षिततेसाठी रिचमंड या राजधानीच्या शहरी हलविली. ३ एप्रिल १८६५ रोजी संघराज्यविरोधी सैन्याने रिचमंड सोडताना लागलेल्या आगीत ती जळून गेली. घरी राहिली असती तर त्यांतील काही कदाचित वाचली असती. त्या काउंट्यांना वंशावळीचे अभ्यासक आजही ‘जळीत काउंट्या’ म्हणून ओळखतात. ऑक्टोबर १८७१ मधील शिकागोच्या आगीत कुक काउंटीची न्यायालयाची इमारत व तीतील जमिनीच्या सर्व नोंदी भस्मसात झाल्या. जमीन-व्यवहारांचे गोषवारे तयार करून विकणाऱ्या काही खाजगी पेढ्यांनी आपल्या वह्या मात्र आगीतून बाहेर काढल्या होत्या. इलिनॉय राज्याने १८७२ मध्ये ‘जळीत अभिलेख कायदा’ करून नष्ट झालेल्या नोंदी पुन्हा सिद्ध करण्याची तरतूद केली आणि तीत या खाजगी गोषवाऱ्यांना पुरावा म्हणून मान्यता मिळाली. एका महानगराची सर्व स्थावर मालमत्ता अशा रीतीने काही काळ दोनतीन व्यापारी पेढ्यांच्या वह्यांवर उभी होती. सिनसिनाटी येथे मार्च १८८४ मधील दंगलीत हॅमिल्टन काउंटीची न्यायालयाची इमारत जाळली गेली. सॅन फ्रॅन्सिस्कोत १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीने सार्वजनिक अभिलेखांचा मोठा भाग नष्ट केला. त्यावर कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी मॅकएनर्नी कायदा केला. प्रत्यक्ष ताब्यात असलेल्या व्यक्तीला ‘सर्व जगाविरुद्ध’ दावा लावून आपली मालकी न्यायालयाकडून ठरवून घेण्याची मुभा त्याने दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये हा कायदा वैध ठरविला.

या घटनांतून दोन धडे निघाले. पहिला, अग्निरोधक तिजोरीवजा खोल्या हव्यात. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या अनेक न्यायालयीन इमारतींत लोखंडी दारांच्या अशा खोल्या आढळतात. दुसरा धडा शिकण्यास अधिक वेळ लागला : अभिलेख कितीही भक्कम जागी असला, तरी त्याची दुसरी प्रत अन्य ठिकाणी असल्याशिवाय तो सुरक्षित नसतो.

कागद, शाई व प्रतिलिपी : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या नोंदवह्या चिंध्यांपासून केलेल्या कागदाच्या व लोहयुक्त मायफळी शाईने लिहिलेल्या आहेत. हा कागद दोनशे वर्षांनंतरही बहुधा लवचिक राहतो. शाई मात्र कोठे कोठे कागद खाऊन टाकते. पुढे लाकडाच्या लगद्याचा, तुरटी व राळ यांची खळ दिलेला कागद आला. त्यातील आम्लामुळे कागदाचे तंतू तुटत जातात, पाने पिवळी पडतात व दुमडताच मोडतात. रिचमंड येथील विल्यम जेम्स बॅरो (१९०४–६७) यांनी या ऱ्हासाचे कारण आम्लता हेच असल्याचे दाखवून दिले आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांनी आम्ल मारण्याची रीत प्रचारात आणली. त्यांनीच रूढ केलेली दुसरी रीत, म्हणजे पानाच्या दोन्ही बाजूंना सेल्युलोज ॲसिटेटाचा पातळ पापुद्रा उष्णतेने चिकटविणे, अनेक काउंट्यांनी उत्साहाने स्वीकारली. कालांतराने हा पापुद्राच खराब होऊ लागला. ज्या पानांचे आम्ल आधी मारले नव्हते ती आतल्या आत कुजू लागली. आता असे पापुद्रे विद्रावकांनी काढून टाकण्याचे कष्टाचे व खर्चाचे काम करावे लागते. जे नंतर मूळ पानास इजा न होता काढता येणार नाही ते कागदावर करू नये, हा आजच्या जतनशास्त्राचा दंडक अशाच अनुभवांतून दृढ झाला.

दस्ताची नक्कल प्रारंभी लेखनिक हाताने वहीत करीत. टंकलेखनयंत्रामुळे अक्षराची अडचण गेली, पण नजरचुकीने ओळ सुटण्याचा धोका राहिला. १९१० नंतर प्रसार पावलेल्या फोटोस्टॅट यंत्राने तोही दूर केला. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेल्या पानांच्या त्या जाडजूड वह्या पाहिल्या की कोणत्या काळातील काम आहे ते चटकन कळते. नक्कल काढण्याऐवजी दस्ताचे छायाचित्रच वहीत लावल्याने मूळ व प्रत यांतील फरकाचा वाद संपला.

सूक्ष्मपट : बँकांच्या धनादेशांची छायाचित्रे घेण्यासाठी १९२८ मध्ये ईस्टमन कोडॅक कंपनीने बाजारात आणलेले सूक्ष्मपटयंत्र पुढे अभिलेखांसाठीही वापरात आले. यूटा वंशावळी संस्थेने १९३८ पासून सूक्ष्मपटावर अभिलेख घेण्यास आरंभ केला व अमेरिकेतील असंख्य काउंट्यांच्या वह्या विनामूल्य चित्रित केल्या. त्यांचे मूळ पट सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात १९६० नंतरच्या दशकात खोदलेल्या भांडारात ठेवले आहेत. संस्थेचा हेतू धार्मिक होता. पण त्यामुळे अनेक छोट्या काउंट्यांना आपल्या दप्तराची दूरस्थ प्रत आपसूक मिळाली.

पॉलिएस्टरच्या पट्टीवरील चांदीच्या क्षारांचा सूक्ष्मपट नीट धुतलेला असेल व थंड, कोरड्या जागी ठेवला असेल, तर तो सु. ५०० वर्षे टिकेल असा अंदाज केला जातो. ॲसिटेटाच्या जुन्या पट्टीचे आयुष्य याहून पुष्कळच कमी असते. ती विघटन पावू लागली की डब्यातून शिरक्यासारखा वास येतो. मूळ पट रोजच्या वापरासाठी काढू नये, त्यावरून दुसरा पट तयार करून तो वाचकांस द्यावा, असा संकेत आहे. सूक्ष्मपटाचा खरा गुण असा की, तो वाचण्यास भिंग व दिवा पुरतो. त्याला कोणतीही आज्ञावली लागत नाही आणि दूरवरून कोणी त्यात ढवळाढवळ करू शकत नाही. संगणक आल्यावर सूक्ष्मपट टाकाऊ ठरला, असे मानणाऱ्या कार्यालयांनी घाई केली असे म्हणणे भाग आहे.

संगणक व विद्युतीय नोंदणी : प्रथम सूच्या संगणकावर गेल्या, मग १९९० च्या सुमारापासून दस्तांच्या प्रतिमा. दस्त काउंटरवर येताच त्याची प्रतिमा घेऊन तो त्याच दिवशी पक्षकाराला परत देता येऊ लागला. पुढची पायरी म्हणजे कागद मुळीच न येता दस्त विद्युतीय स्वरूपात दाखल होणे. यासाठी विद्युतीय सहीला कायद्याची मान्यता हवी होती; ती १९९९ च्या एकरूप विद्युतीय व्यवहार कायद्याच्या नमुन्याने व २००० च्या संघीय कायद्याने मिळाली. काउंटी अधिकाऱ्याने असा दस्त स्वीकारावा की नाही, याबद्दलची शंका २००४ मधील स्थावर मालमत्ता विद्युतीय नोंदणीच्या एकरूप कायद्याने दूर केली व बहुतेक राज्यांनी तो स्वीकारला. खर्चाची सोय काही राज्यांनी नोंदणी शुल्कातूनच केली. न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून काउंटी क्लर्कांकडे जमा होणाऱ्या शुल्काचा काही अंश एका निधीत जातो व त्यातून स्थानिक संस्थांना अभिलेख-व्यवस्थापनासाठी अनुदान मिळते. व्हर्जिनियातही अशीच व्यवस्था आहे.

याच काळात दप्तराच्या पूर्णतेला एका वेगळ्याच बाजूने छेद गेला. गहाणांचे हस्तांतर प्रत्येक वेळी काउंटीत नोंदविण्याचा खर्च व विलंब टाळण्यासाठी बँकांनी १९९५ मध्ये मर्स या नावाची खाजगी नोंदयंत्रणा उभारली. काउंटीच्या वहीत गहाणदार म्हणून तिचेच नाव राही आणि कर्ज प्रत्यक्षात या बँकेकडून त्या बँकेकडे फिरत असे. २००७ नंतर घरे जप्त होऊ लागली तेव्हा जप्ती मागणारा खरा धनको कोण, हे सार्वजनिक वहीवरून सांगता येईना, आणि राज्याराज्यांतील न्यायालयांत त्यावर खटले चालले. वही जळाली नव्हती, भिजली नव्हती. ती फक्त अपुरी राहिली होती.

संगणकीय अभिलेखांची सुरक्षा : ऑक्टोबर २०१० मध्ये न्यू ऑर्लीन्स येथील दिवाणी न्यायालयाच्या क्लर्कच्या कार्यालयातील संगणक बंद पडले व जमिनीच्या हस्तांतरणांच्या आणि गहाणांच्या कित्येक वर्षांच्या सूच्या नाहीशा झाल्या. या माहितीची राखीव प्रत बाहेर ठेवली जात आहे अशी समजूत होती; गरज पडली तेव्हा ती उपलब्ध नसल्याचे आढळले. दस्त शाबूत होते, पण त्यांच्यापर्यंत नेणारी वाट पुसली गेली होती. घरांचे व्यवहार अडून पडले आणि सूच्या पुन्हा उभ्या करण्यास कित्येक महिने लागले. राखीव प्रत घेतली जाते एवढ्यावर समाधान मानू नये, ती ठराविक काळाने प्रत्यक्ष उघडून व चालवून पाहावी, हा नियम तांत्रिक पुस्तकांत पूर्वीपासूनच होता.

न्यूयॉर्क राज्यातील सफक काउंटीची घटना याहून गंभीर होय. ८ सप्टेंबर २०२२ रोजी काउंटीच्या संगणकजालावर खंडणीसाठी हल्ला झाल्याचे उघड झाले व सर्व यंत्रणा बंद करावी लागली. नंतरच्या तपासात असे दिसून आले की, घुसखोरांनी प्रथम प्रवेश मिळविला तो डिसेंबर २०२१ मध्ये काउंटी क्लर्कच्या कार्यालयातून, त्याच महिन्यात उघडकीस आलेल्या लॉगफोरजे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीतील दोषाचा फायदा घेऊन. सुमारे नऊ महिने ते आत वावरत होते. क्लर्कचे जाल काउंटीच्या जालापासून प्रशासकीय दृष्ट्या वेगळे होते; पण दोहोंमध्ये दुवे होते. २५ लाख डॉलरची मागणी काउंटीने फेटाळली. दुरुस्तीचा खर्च त्याहून अधिक आला. जमिनीच्या मालकीचा शोध घेणे कित्येक आठवडे अशक्य झाले, पोलिसांच्या मदतकेंद्रावर कागद-पेन्सिलीने नोंदी घेण्याची वेळ आली आणि लाखो नागरिकांच्या वाहन-परवान्यांचे क्रमांक चोरांच्या हाती पडले असण्याची शक्यता जाहीर करावी लागली. जबाबदारी कोणाची यावर पुढे दोन वर्षे वाद चालला. निवडून आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने आपले दप्तर आपल्याच हाती ठेवावे ही अमेरिकन परंपरा स्वायत्ततेच्या दृष्टीने स्तुत्य असली, तरी परस्परांशी जोडलेल्या यंत्रांच्या बाबतीत एकाचे सैल दार सर्वांचेच असते.

आज योग्य समजली जाणारी व्यवस्था साधारणतः अशी असते : कामाची प्रत, तिची दुसऱ्या इमारतीतील प्रत आणि जालापासून पूर्णपणे तोडलेली, नंतर बदलता न येणारी दूरस्थ प्रत. प्रत्येक प्रतिमेबरोबर एक गणिती ताळा साठविला जातो. प्रतिमेतील एक बिंदू जरी बदलला, तरी ताळा जुळत नाही व फेरफार उघडा पडतो. दर काही वर्षांनी साठवणीचे साधन व प्रतिमेचे स्वरूप बदलत जाते, तेव्हा सर्व संग्रह नव्या स्वरूपात नेऊन पुन्हा पडताळावा लागतो. छोट्या काउंट्यांना हे स्वतः जमत नाही म्हणून त्या खाजगी पुरवठादारांवर अवलंबून राहतात. करार संपल्यावर प्रतिमा व सूची दोन्ही खुल्या स्वरूपात परत मिळतील, ही अट करारात नसेल तर सार्वजनिक दप्तर व्यवहारतः पुरवठादाराचे होऊन बसते.

खोटे दस्त : अधिकारी दस्ताचा खरेखोटेपणा तपासत नाही, या तत्त्वाचा गैरफायदा घेणारे पूर्वीही होते, घरबसल्या नोंदी पाहण्याची सोय झाल्यापासून रिकामी घरे व मृत मालक हुडकणे त्यांना सोपे झाले. डिसेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या डेली न्यूज या वृत्तपत्राने हा दोष दाखविण्यासाठी एक बनावट खरेदीखत तयार करून एंपायर स्टेट बिल्डिंग चक्क आपल्या कल्पित कंपनीच्या नावे नोंदवून घेतली. साक्षीदार म्हणून किंग काँग चित्रपटातील नायिका फे रे हिचे, तर साक्षांकन करणारा म्हणून विली सटन या गाजलेल्या बँकदरोडेखोराचे नाव घातले होते. शहर निबंधकाच्या कार्यालयात या कामाला दीड तास लागला. आता अनेक काउंट्यांत नागरिकाने आपले नाव नोंदवून ठेवल्यास त्या नावाने कोणताही दस्त दाखल होताच त्याला सूचना जाते. ती सूचना दस्त नोंदल्यानंतर जाते, आधी नाही; तेव्हा हा उपाय पहारेकऱ्यापेक्षा घंटेच्या जातीचा आहे.

खाजगी माहिती व जुने मजकूर : काउंटी अभिलेख पूर्वीपासून सर्वांना खुले होते, परंतु ते पाहण्यासाठी न्यायालयाच्या इमारतीत जाऊन वही उचलावी लागे. हा आडकाठीवजा पडदा महाजालावर राहिला नाही. जुन्या गहाणखतांत कर्जदारांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक आहेत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी सेवामुक्तीची प्रमाणपत्रे हरवू नयेत म्हणून काउंटीत नोंदविली, त्यांतही वैयक्तिक तपशील आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये टेक्ससच्या महान्यायवाद्याने असे मत दिले की, जिवंत व्यक्तीचा असा क्रमांक झाकल्याविना प्रत देणे हा गुन्हा ठरतो. कोट्यवधी पाने एका रात्रीत तपासणे कोणालाही शक्य नव्हते. काही क्लर्कांनी महाजालावरील दप्तर व प्रती देणे बंद केले आणि मालमत्तेचे व्यवहार खोळंबले. महान्यायवाद्याने आपले मत तात्पुरते स्थगित केले व विधिमंडळाने काही आठवड्यांतच कायदा दुरुस्त केला. त्यानंतर संगणकाकडून क्रमांक हुडकून झाकण्याची पद्धत रूढ झाली. हस्ताक्षरातील क्रमांक मात्र तिच्या नजरेतून सुटू शकतात.

झाकावे काय आणि राखावे काय, हा प्रश्न वंशभेदाच्या खुणा असलेल्या दस्तांत विशेष टोचतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील असंख्य खरेदीखतांत ही जमीन कृष्णवर्णीयांस विकू नये अशा अटी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली खटल्यात त्या अंमलात आणण्यास न्यायालयांना मनाई केली, पण मजकूर वह्यांत राहिला. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून काउंटी रेकॉर्डरांनी असा मजकूर शोधून तो छाटलेली नवी प्रत नोंदवावी व मूळ प्रतही राखावी, असे ठरविले. नॉर्थ कॅरोलायनातील बंकम काउंटीने उलट मार्ग घेतला. तेथील वह्यांत घोडे, गाड्या व जमिनी यांच्याबरोबर गुलाम माणसांची विक्रीखते नोंदलेली होती. ती वेगळी काढून, सूची करून लोकांसाठी खुली केली गेली. त्या माणसांच्या वंशजांना पूर्वजाचे नाव मिळण्याची ती बहुधा एकमेव जागा असते.

त्याच राज्यातील फ्रँक्लिन काउंटीत न्यायालयाच्या तळघरात जुन्या कागदांचा मोठा साठा २०१३ मध्ये सापडला. स्थानिक इतिहासप्रेमींनी तो चाळून जपण्याची तयारी दाखविली होती. कागदांवर बुरशी चढली होती, ती आरोग्यास घातक होती आणि कागद जपण्याची विहित मुदत केव्हाच उलटून गेली होती, असे राज्याच्या अभिलेखागाराचे म्हणणे पडले. डिसेंबरमध्ये ते जाळून टाकण्यात आले. भिजलेले कागद दोन दिवसांच्या आत गोठविले व निर्वात कक्षात वाळविले तर बुरशीला आळा बसतो. फ्रँक्लिनच्या तळघरात ती वेळ अनेक दशकांपूर्वीच निघून गेली होती.